शेळी जमिनीवर आली त्याची गोष्ट

इमारतीत त्याला सगळे 'गेमवाला' म्हणत. नोकरी सोडून, इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप मांडून त्याने मोबाइलचा एक गेम बनवला होता. एक शेळी कुंपणांवरून उड्या मारत शेजाऱ्याच्या बागेतले कोबी खाते. एवढंच. (बायकोनेही ऐकल्यावर "एवढंच?" असंच विचारलं होतं.)

गेममध्ये एक चूक राहून गेली होती. तिसऱ्या कुंपणाच्या कोपऱ्याला शेळीचं शिंग लागलं की ती अडकायची आणि गंभीर चेहऱ्याने, पायसुद्धा न हलवता, सावकाश आकाशात निघून जायची. एका रविवारी जेवणानंतर गेमवाल्याला झोप येईना, म्हणून त्याने ही चूक काढायला घेतली. काढली. 'किरकोळ दुरुस्त्या' असं लिहून अपडेट सोडलं आणि मग गाढ झोपला.

दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत लोकांचे अभिप्राय येऊन थडकले होते. कोबीबद्दल कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. सगळ्यांना शेळी आकाशात हवी होती. एका बाईंनी लिहिलं होतं, की त्यांचा मुलगा शेळीला टाटा केल्याशिवाय घास गिळत नाही, तर आता त्याला भरवायला तुम्हीच या.

"मग उडव की परत तिला," बायको म्हणाली.

इथेच तर गोची होती. जुन्या कामाची प्रत जपून ठेवावी, असं तो नवशिक्यांना नेहमी बजावायचा. स्वतः मात्र जागा अडते म्हणून त्याने ती पुसून टाकली होती. आता तो तीच चूक पुन्हा करायला बसला. शेळी जमिनीत गेली. शेळी उलटी चालली. एकदा तर शेळी जागच्या जागी राहिली आणि कुंपण उडालं. जन्मभर न मागता चुका करत आलेल्या माणसाला हवी ती एक चूक काही जमेना.

जुना गेम आता फक्त सासूबाईंच्या फोनमध्ये उरला होता. त्या निवृत्त मुख्याध्यापिका, लेकीकडे राहायला आलेल्या. रोज दुपारी शेळीला वर सोडायचं आणि तिच्याकडे बघत पडून राहायचं, हा त्यांचा विसावा. घरातली गडबड कानावर येताच त्यांनी इंटरनेट बंद करून फोन उशीखाली ठेवला होता. जावयाने फोन मागितला तेव्हा त्यांनी आधी रीतसर उलटतपासणी घेतली आणि मग, आपल्यासमोर बसून नुसतं बघायचं, काही दुरुस्त करायचं नाही, या अटीवर दिला.

त्याने बघितलं. शेळी उडाली. कशी, ते कळेना. याचा व्हिडिओ आपल्याकडे पाठवून निवांत बघू, असा विचार करून त्याने क्षणभर, अगदी क्षणभर, इंटरनेट सुरू केलं.

फोन फार आज्ञाधारक निघाला. त्याने तत्काळ अपडेट ओढून घेतलं. गेम पुन्हा उघडला तेव्हा शेळी कुंपणाला धडकली, खाली उतरली आणि मुकाट्याने कोबी खाऊ लागली.

सासूबाईंनी फोन घेतला आणि खुर्ची भिंतीकडे फिरवून बसल्या. पुढचे दोन दिवस त्यांना जे काही सांगायचं असेल ते त्या लेकीमार्फत सांगत होत्या.

शेवटी हात टेकून त्याने गेममध्ये 'उड' असं एक बटण टाकलं. दाबलं की शेळी भुर्रकन वर. नवं अपडेट सोडलं, सासूबाईंच्या फोनमध्ये घातलं आणि फोन स्वतः त्यांच्या हातात नेऊन दिला. त्यांनी बटण दाबलं. शेळी वर गेली, खाली आली.

"ही उडत नाही," त्या म्हणाल्या. "हिला तुम्ही उडवताय. आधी ती आपली आपण जायची."

तेवढ्यात बायकोने नुकताच आलेला अभिप्राय वाचून दाखवला. "आधीचा माणूस कलाकार होता. त्याच्या जागी हा कोण आणून बसवलाय? याला काढा आणि त्याला परत बोलवा."

निदान याला कुणी दुजोरा तर दिला नाही ना, असं त्याने पडलेल्या आवाजात विचारलं.

"एकाने दिलाय," बायको म्हणाली. "आत्ताच."

सासूबाई फोन पालथा ठेवून चष्मा पुसत होत्या.