नदीला लागलेलं पातेलं

ही १९९३ सालची गोष्ट. तोवर सान तेल्मो गावात कोणी कोणाला तोंडावर 'नाही' म्हटल्याचं गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसालाही आठवत नव्हतं. म्हणून गावातली माणसं एकमेकांची सगळी कामं करत होती, असं मात्र मुळीच नाही. चर्चला रंग द्यायला कोण कोण येणार, असं पाद्रीबाबांनी विचारलं तेव्हा अख्खा गाव "येणार ना, न येऊन कसं चालेल!" म्हणाला होता, आणि पाद्रीबाबांनी शिडीवर चढून एकट्यानंच रंग दिला होता. पण तोंडावर नाही म्हणून कोणाचं मन मोडायचं, हे काही चांगल्या घरचं लक्षण नव्हे. घरची माणसं सोडली तर सगळ्यांना अहो-जाहो करायचं, ओट्यावर आलेल्या कोंबडीलाही "सरका हो जरा" म्हणायचं, ही तिथली रीत. गावाला वळसा घालून जाणाऱ्या नदीचं नावही मान्सो, म्हणजे गरीब स्वभावाची. एका पावसाळ्यात ती कितीतरी गाई आणि एक पूल घेऊन गेली, तरी नाव बदलायचं कोणाच्या मनात आलं नाही. नदीला काय वाटेल!

फ्लोरीबाई याच गावातल्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. दोन थोरली मुलं राजधानीत, सान होसेला गेली, ती नाताळापुरती येणारी. उरला धाकटा ओल्हेर. त्यानं दुसऱ्या एका मोठ्या नदीवर दोन वर्षं काम करून रबरी होडीतून पाहुण्यांना खळाळातून न्यायची विद्या शिकून घेतली होती, आणि आता एक जुनी होडी, शिरस्त्राणं आणि ट्रॅक्टरच्या चाकांच्या काही ट्यूबा घेऊन तो गावी परत आला होता. आधी होडी, मग संथ पाण्यात ट्यूबवर बसून तरंगणं, शेवटी काठावर आईच्या हातचं जेवण, असा त्याचा बेत. आता फक्त पाहुणेच यायचे राहिले होते.

तेवढ्यात फ्लोरीबाईंच्या भावानं राजधानीतून निरोप धाडला. फर्निचरच्या दुकानात राखणदाराची जागा आहे, सोमवारी रुजू व्हायचं. ओल्हेर म्हणाला, "आई, शनिवारी सहलीच्या कंपनीच्या बाई बघायला येणार आहेत. त्यांना पसंत पडलं तर दर आठवड्याला पाहुणे पाठवतील. नाही पडलं, तर मी जातो. खुर्च्यांची राखण करीन."

शुक्रवारी संध्याकाळीच फ्लोरीबाईंनी घरातलं सर्वांत मोठं पातेलं खाली काढलं.

शनिवारी सकाळी विल्मा एचांदीबाई आल्या. पन्नाशीच्या, इस्त्रीची पँट, पांढरे बूट. फ्लोरीबाईंनी गुळाचं गरम पाणी पुढे केलं. बाईंनी घोट घेतला आणि हसून म्हणाल्या, "फार सुंदर. अगदी सुंदर."

हा सूर फ्लोरीबाईंच्या चांगल्या ओळखीचा होता. नणंदेनं नाताळात पाठवलेल्या तामालेसना, म्हणजे पानात उकडलेल्या मक्याच्या पुरचुंड्यांना, त्या स्वतः वीस वर्षं याच सुरात "अगदी सुंदर" म्हणत आल्या होत्या, आणि नणंदेची पाठ फिरली की ते डुकराला घालत आल्या होत्या.

तरी बेत ठरल्याप्रमाणे पुढे जायला हरकत नव्हती. रश्शाचं पातेलं तयार होतं. गोमांस, कसावा, मक्याची कणसं, कच्ची केळी, चायोते, सगळं मोठाल्या फोडींनी. ते घेऊन शेजारच्या मेलिकोकाकांच्या जीपमधून फ्लोरीबाई होडीतून उतरायच्या जागी जायच्या होत्या. त्या जागेला सगळे 'सेइबाचं झाड' म्हणत. गावात जीप एकच, आणि मेलिकोकाका बुधवारीच "आनंदानं! त्यात विचारायचं काय!" म्हणाले होते.

फ्लोरीबाई त्यांच्या अंगणात गेल्या, तर जीप विटांवर चढवलेली. चाकं भिंतीला टेकलेली आणि गिअरबॉक्स गोणपाटावर उघडा पडलेला.

"काका, हे कधी झालं?"

"सोमवारी."

"आणि बुधवारी तुम्ही हो म्हणालात?"

"आता तुम्ही इतक्या आपुलकीनं विचारलंत फ्लोरीबाई, नाही कसं म्हणू?" मेलिकोकाका टोपी कुरवाळत म्हणाले. "म्हटलं, शनिवारपर्यंत देवाच्या मनात आलं तर..."

देवाच्या मनात आलं नव्हतं. इकडे नदीकाठी ओल्हेर ग्रेविनची वाट बघत होता. ग्रेविन म्हणजे होडीतला दुसरा वल्हेवाला. तोही हो म्हणाला होता, आणि शेजारच्या गावच्या फुटबॉल संघाचा गोलकीपर व्हायलाही हो म्हणाला होता. दोन्ही कामं शनिवारचीच. त्यानं गोल राखणं पसंत केलं.

"दोन वल्हेवाले हवेत," ओल्हेर नदीवर परतलेल्या आईला हळूच म्हणाला. "आणि जेवण तिकडे पोचवायचं कसं?"

"नदीनं," फ्लोरीबाई म्हणाल्या. त्या नदीत आजवर फक्त कपडे धुवायला, तेही घोट्याइतक्या पाण्यात उतरल्या होत्या. "पातेलं ट्यूबवर ठेव. मी वल्हं घेते. खुर्च्या राखायला तुला पाठवण्यापेक्षा बुडाले तरी चालेल."

मागोमाग आलेल्या मेलिकोकाकांना अपराधी वाटत होतं. तेही पुढे झाले. "मीही येतो. लहानपणापासून वल्हवतोय!"

ट्यूबवर फळी ठेवली, फळीवर घोंगडीत गुंडाळलेलं पातेलं घट्ट आवळलं. झाकण फ्लोरीबाईंनी स्वतः फडक्यानं बांधलं. ती ट्यूब होडीला बांधायचं काम मेलिकोकाकांकडे आलं.

"काका, गाठ येते ना मारता?"

"म्हणजे काय!"

"आणि बाई, तुम्हाला पोहता येतं ना?" ओल्हेरनं विचारलं.

"हो, हो, थोडंफार," विल्माबाई हसून म्हणाल्या.

फ्लोरीबाईंनी अंबाड्यावर शिरस्त्राण दाबून बसवलं, एप्रनवरून फुगीर जाकीट चढवलं, क्रूसाची खूण केली आणि होडी निघाली. मागून पातेलं निघालं, ऐटीत, मिरवणुकीतल्या संतासारखं.

पहिला टप्पा बरा गेला. किनाऱ्यावरच्या फांदीवर इग्वाना उन्हाला पसरलेले, एक तुकान पक्षी ओरडत डोक्यावरून गेला. विल्माबाई म्हणाल्या, "फार सुंदर." छोट्या खळाळात फ्लोरीबाईंचं वल्हं त्यांच्या पाठीत बसलं. "काही नाही हो, अगदी सुंदर." प्रत्येक 'सुंदर' सरशी फ्लोरीबाईंना ओल्हेर दिसायचा, एका सोफ्याशेजारी उभा, रिकाम्या रस्त्याकडे बघत.

मग संथ डोह आला. विल्माबाईंना ट्यूबवर बसवायचं होतं. ओल्हेर पुढे होडी धरून उभा होता, म्हणून त्यानं मेलिकोकाकांना सांगितलं, "बाईंची ट्यूब होडीला बांधा." मेलिकोकाकांनी पाहिलं, होडीची कडी लांब होती आणि पातेल्याची ट्यूब हाताशी. त्यांनी बाईंना पातेल्याला बांधलं.

आणि पातेलं होडीला ज्या गाठीनं बांधलं होतं, ती गाठ मेलिकोकाकांचीच होती.

डोहाच्या पुढे नदी वळते आणि एकदम खाली उतरते. कोणे एके काळी एक बिशप तिथे खेचरावरून पाण्यात पडले, तेव्हापासून त्या जागेला बिशपची घसरगुंडी म्हणतात. खरं तर विल्माबाईंना त्याआधीच होडीत घ्यायचं होतं. ओल्हेरनं दोर ओढला. दोराचं टोक त्याच्या हातात आलं. पलीकडे काहीच नव्हतं.

पातेलं शांतपणे वळणावरून पुढे गेलं. त्याच्यामागे, पाय वर करून बसलेल्या विल्माबाई गेल्या. जाता जाता त्यांनी हातसुद्धा हलवला. त्यांना वाटलं, हेही सहलीतच आहे.

"काका, ही गाठ होती?" ओल्हेर ओरडला.

"बूट असाच बांधतो मी!"

"वल्हवा! उजवीकडून वल्हवा!"

"हो, हो!" म्हणत मेलिकोकाकांनी डावीकडून वल्हवलं. होडी गर्रकन फिरली आणि एका खडकावर जाऊन बसली. पुढून विल्माबाईंची किंकाळी आली. बिशपची घसरगुंडी सुरू झाली होती.

आणि तिथे, अर्ध्या कललेल्या होडीत, फ्लोरीबाईंच्या तोंडून सान तेल्मोच्या इतिहासातला पहिला नकार फुटला.

"नाही! नाही हो काका, नाही! तिकडून नाही! वल्हवता येतं की नाही तुम्हाला, खरं सांगा!"

मेलिकोकाकांचा चेहरा रडवेला झाला. "नाही! मला काही म्हणजे काही येत नाही!"

"मग खाली बसा!"

ते खाली बसले, आणि त्यांच्या वजनानंच होडी खडकावरून सुटली. मायलेक वेड्यासारखे वल्हवू लागले. पुढे फेसात कधी पातेलं वर दिसे, कधी विल्माबाई. बाईंनी पातेल्याला दोन्ही हातांनी मिठी मारली होती.

"अगं बाई, पातेलं सोड!" फ्लोरीबाई ओरडल्या. अहो-जाहो केव्हाच वाहून गेलं होतं. "ट्यूब धर! पोहता येतं ना तुला?"

"नाही!" विल्माबाई किंचाळल्या. "अजिबात येत नाही! आणि पातेलं सोडणार नाही!"

"सेइबाच्या झाडाशी काठ धरा!" ओल्हेर ओरडला.

"कुठाय झाड?"

"ते पडलं! मी शाळेत होतो तेव्हाच!"

विल्माबाईंनी यावर जे उत्तर दिलं, ते राजधानीतल्या चांगल्या शाळेत शिकवत नसावेत. सेइबाचं नसलेलं झाड मागे पडलं, उतरायची जागा मागे पडली, आणि शेवटी नदीलाच कंटाळा आला असावा, तिनं दोन्ही ट्यूबा एका वाळूच्या बेटावर नेऊन ठेवल्या. तिथे गाई पाणी पीत होत्या. गाईंनी बाईंकडे पाहिलं, पातेल्याकडे पाहिलं आणि पुन्हा पाणी प्यायल्या.

होडी पोचली तेव्हा विल्माबाई वाळूत बसलेल्या होत्या. एक पांढरा बूट गेलेला, केसात शेवाळ, आणि मांडीशी पातेलं. फडकं जागेवर होतं. थेंब सांडला नव्हता.

होडी खडकावर कलली तेव्हाच ताटल्या वाहून गेल्या होत्या, म्हणून ओल्हेरनं केळीची पानं कापून आणली. वाढायचा डावही गेला होता. फ्लोरीबाईंनी शिरस्त्राण धुतलं आणि त्यानंच पातेल्यातून फोडी काढून वाढल्या. विल्माबाई हातानं खाऊ लागल्या. कणीस संपवलं, कसावा संपवला, पान पुन्हा पुढे केलं. फ्लोरीबाईंचा जीव टांगणीला लागला होता. आता 'फार सुंदर' म्हणाल्या, की संपलं.

विल्माबाईंनी बोटं चाटली आणि मान वर केली.

"मीठ कमी आहे," त्या म्हणाल्या.

मेलिकोकाकांनी क्रूसाची खूण केली. ओल्हेरनं मान खाली घातली. फ्लोरीबाईंच्या स्वयंपाकाला आजवर जिवंत माणसानं नाव ठेवलं नव्हतं.

पण फ्लोरीबाई पुढे सरकून बसल्या. डोळे चमकू लागले होते. "आणि?"

"आणि काय! त्या शिरस्त्राणाला कोंबड्यांचा वास येतोय."

"त्यात त्या अंडी घालायच्या. आणि?"

"ट्यूबेची नळी मांडीला टोचते, बघा कसा ओरखडा पडलाय. कपडे बदलायला आडोसा नाही. हे गृहस्थ," त्यांनी मेलिकोकाकांकडे बोट दाखवलं, "यांनी पुन्हा दोराला हात लावायचा नाही. मुलगा चांगला आहे, पण ओरडतो कमी. आणि जे झाड नाही त्याचा पत्ता माणसाला सांगू नये!"

"अगदी बरोबर," फ्लोरीबाई म्हणाल्या आणि शिरस्त्राण भरून आणखी रस्सा वाढला.

परतल्यावर बाई गाडीत बसल्या आणि निरोपाचं गोड बोलल्याशिवाय निघून गेल्या. संध्याकाळी ओल्हेर खोलीत पिशवी भरत होता. फ्लोरीबाई दारात येऊन उभ्या राहिल्या, मग आत गेल्या आणि एकेक शर्ट बाहेर काढून पुन्हा खुंटीला लावू लागल्या.

"आई, ऐकलंस ना त्या काय काय बोलल्या?"

"ऐकलं. म्हणूनच काढतेय," फ्लोरीबाई म्हणाल्या. "अरे मूर्खा, ज्या घरी परत यायचं नसतं, त्या घरच्या रश्शाला कोण नावं ठेवतं? उद्या उठून आधी आडोसा बांध. आणि कोंबड्यांना दुसरी जागा बघ."

सोमवारी राखणदाराच्या जागेवर दुसरा कोणी रुजू झाला. गुरुवारी पाहुण्यांनी भरलेली छोटी बस आली. चालकाकडे विल्माबाईंनी मिठाची एक पिशवी दिली होती.

ओल्हेरनं पुढे आणखी होड्या घेतल्या, काठावरच घर बांधलं. त्याचा आवाज आता तीन वळणं पलीकडे ऐकू येतो. ग्रेविननं त्या शनिवारी खोऱ्यानं गोल खाल्ले आणि फुटबॉल सोडून तो कायमचा होडीवर आला. मेलिकोकाकांची जीप पाऊस संपता संपता सुरू झाली. देवाघरी जाईपर्यंत तेच उतरायच्या जागी जेवण पोचवत होते, तिथे रोवलेल्या नव्या सेइबाला पाणी घालत होते, आणि दोराला त्यांनी कधीही हात लावला नाही.

विल्माबाई दर वर्षी यायच्या, फ्लोरीबाईंकडे उतरायच्या, उशीपासून कॉफीपर्यंत सगळ्याला नावं ठेवायच्या. पोहायला मात्र शेवटपर्यंत शिकल्या नाहीत. दोघीही म्हाताऱ्या झाल्या होत्या तेव्हाची गोष्ट. रश्शाचा पहिला घास घेऊन विल्माबाईंनी डोळे मिटले आणि म्हणाल्या, "सुंदर. अगदी सुंदर झालंय गं."

फ्लोरीबाईंच्या हातातला डाव खाली पडला. "काय झालं? पाहुणे बंद करणार का? माझं काही चुकलं का?"

"काही चुकलं नाही. खरंच सुंदर झालंय."

"खरंच?"

"देवाशप्पथ!"

फ्लोरीबाईंनी उठून चिमूटभर मीठ घेतलं आणि पातेल्यात टाकलं. विल्माबाईंनी पुन्हा एक घास घेतला.

"आता खारट झालं," त्या म्हणाल्या, तेव्हा कुठे फ्लोरीबाई निवांत जेवायला बसल्या.