शकुताईंची सूनबाई

आमच्या तुंगार्लीतल्या शकुताई लॅपटॉपमधल्या एआयला सूनबाई म्हणतात. हसू नका. अगदी सासूच्या ठसक्यात म्हणतात. "नवी आहे, चटपटीत आहे, जिभेवर खडीसाखर. पण तिनं केलेलं चाखल्याशिवाय पंगतीत वाढायचं नाही!"

वर्तमानपत्रातून निवृत्त झाल्यापासून दर रविवारी त्या मावळातल्या बातमीदारांना घरी बसवून शोधपत्रकारितेची ही नवी साधनं शिकवतात. मी शेजारी. मी कांदाभज्यांसाठी जातो.

परवा कार्ल्याचे बातमीदार बाळूभाऊ घाम पुसत म्हणाले, "ताई, तुमच्या सूनबाईला इचारलं, आमचा डोंगर पोखरलाय का? म्हणली, व्हय. मग इचारलं, पोखरला न्हाई ना? तरी म्हणली, बरोबर हाय तुमचं! लय गोड बाई."

"मग तिला मत कशाला विचारता? काम सांगा. उपग्रहाचे जुने-नवे फोटो शेजारी शेजारी लावायला लावा. फरक दिसला की चप्पल घाला आणि डोंगरावर जा."

ताईंची ही नजर घरातही थांबायची नाही. खरी सून केतकी. तिनं एकदा 'ऑफिसात आहे' म्हणून फोटो पाठवला. ताईंनी तो मोठा केला, मागच्या कपाटाच्या काचेत खिडकी शोधली, खिडकीत तिच्या माहेरच्या अंगणातला पारिजातक शोधला आणि पाहुण्यांसमोर निकाल दिला, "ही माहेरी होती!" होतीच. आई आजारी होती आणि त्याची चर्चा तिला नको होती. पुढं मुलगा-सून पुण्याला राहायला गेले. मुलाचा फोन येतो. केतकीचा नाही. यंदा गौरी आणायला ती यावी, एवढंच ताईंना हवं होतं.

त्या रविवारी वर्ग सुटल्यावर त्या मला म्हणाल्या, "नाना, थांबा जरा." लॅपटॉपवर हुकूम सुटला, "केतकीला गौरीचं आमंत्रण लिही. मनधरणी कर."

सूनबाईनं डोळ्याचं पातं लवायच्या आत झुळझुळीत पत्र हजर केलं. 'आपल्यात झालेल्या गैरसमजाबद्दल...'

"गैरसमज?" ताई कडाडल्या. "गैरसमज कसला गं? चोर पकडावा तशी पकडली मी तिला!"

"असू द्या हो," मी म्हटलं, "बरं दिसतंय."

"बरं दिसतंय म्हणून छापायचं?"

सगळं पुसलं. मग मोबाइल घेऊन एका बोटानं स्वतःच लिहिलं : 'केतकी, तुझी आई कशी आहे, हे मी तेव्हा विचारायला हवं होतं. आता विचारते. कशा आहेत त्या?'

"अहो, आणि गौरीचं?"

"आधी हे."

त्यांनी पाठवलं. मी उगाच रिकाम्या बशीतला चुरा वेचत बसलो. थोड्या वेळानं मोबाइल वाजला. केतकीनं उलट फोनच केला होता.

"बोल बाळा," ताई म्हणाल्या. आणि मग त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. नुसत्या ऐकत राहिल्या.