पुसलेले गाणे

ब्रेझोवित्सा गावाच्या वाचनालयातून समोरच्या ग्रामकचेरीत जायला बारा पावले लागत. पण वेलिका आजींचे गाणे तेवढे अंतर काही केल्या ओलांडेना.

वेलिका आजींचे वय चौऱ्याऐंशी. 'दारात कोणाचा घोडा?' हे लग्नातले जुने गाणे डोंगरातल्या त्या पट्ट्यात आता त्यांना एकट्यांनाच येत होते. वाचनालय सांभाळणाऱ्या रायनाने महिनाभर आर्जवे करून ते त्यांच्याकडून गाऊन घेतले आणि थेट आपल्या लॅपटॉपवर नोंदवले. लोकगीतांच्या स्पर्धेसाठी ते शुक्रवारी दुपारी बाराच्या आत पाठवायचे होते. अर्ज भरायची सोय मात्र कचेरीत, चिटणीस नायडेनच्या संगणकावर. मेलने जाण्याइतके गाणे हलके नव्हते. पेनड्राइव्ह लावावा, तर कचेरीच्या संगणकांना बाहेरचे काही लावायचे नाही असा जिल्ह्याचा हुकूम होता.

राहता राहिली दोन्ही खोल्यांतून गेलेली नेटची तार. पण रायनाकडे लिनक्स, नायडेनकडे विंडोज. एकाच तारेवर असूनही दोघे लग्नात रुसलेल्या विहिणींसारखे एकमेकांना ओळख दाखवत नव्हते.

गुरुवारी सकाळी रायनाने सोफियातल्या बहिणीला फोन लावला. ती एका बँकेत संगणकच सांभाळायची. तिने आधी सांबा नावाचा प्रोग्राम घालायला सांगितले. तो आला की दोघांत बोलणे सुरू होईल. रायनाने आज्ञा टाइप केली. लॅपटॉपने पासवर्ड मागितला. तिने तो दिला, पण पडद्यावर एक ठिपकासुद्धा उमटेना. बटणे बिघडली असे समजून तिने लॅपटॉप उलटा करून झटकला, मग नायडेनच्या कपाटातली राकिया, म्हणजे प्लमची कडक दारू, कापसावर घेऊन एकेक बटण पुसले. अर्ध्या तासाने बहिणीकडून कळले की तिथे पासवर्ड दिसत नसतोच, तसाच टाइप करायचा असतो.

सांबा आला. आता नायडेनच्या संगणकाला लॅपटॉप दिसला, पण तोही पासवर्ड विचारू लागला, आणि रायनाचा पासवर्ड त्याला पटेना. सांबाचा पासवर्ड निराळा ठरवावा लागतो, हे उमगेपर्यंत जेवणाची वेळ टळून गेली. तरीही दार उघडेना, तेव्हा बहीण वैतागली. कुणीही यावे, काहीही करावे, अशी परवानगी देऊन टाक आणि मोकळी हो, असे तिने सांगितले. रायनाने दिली.

नायडेनच्या पडद्यावर फोल्डर उघडला. रायना बहिणीचे आभार मानायला बाहेर गेली, आणि नायडेन गाणे शोधू लागला. घोड्याचे नावच कुठे नव्हते. त्या जागी डी, सात, एक्स, मग नागमोडी रेघ आणि क्यू, असे काहीतरी बसले होते. रायनाने फाइलीला गाण्याचेच नाव दिले होते, प्रश्नचिन्हासकट. विंडोजला नावात प्रश्नचिन्ह चालत नाही, लिनक्सला चालते. म्हणून सांबाने बिचाऱ्याने मधल्या मध्ये गाण्याचे नवे बारसे केले होते. नायडेनला हे कसे कळावे? दोन वर्षांपूर्वी असल्याच नावाच्या एका फाइलीने कचेरीची अख्खी कागदपत्रे गिळली होती. त्याने ही फाइल पुसली. कायमचे पुसू का, असे संगणकाने विचारले. त्याने होय म्हटले.

"तुझ्या लॅपटॉपात व्हायरस होता," रायना परत आल्यावर तो म्हणाला. "मी काढला. आता गाणं टाक."

"कुठला व्हायरस?"

"होता एक जाडजूड. फोल्डरमध्ये एकटाच बसला होता."

रायना हळूच खुर्चीत बसली. "नायडेन, त्या फोल्डरमध्ये एकच वस्तू होती रे."

दोन्ही संगणकांच्या कचरापेट्या उपसून झाल्या. गाणे कुठेच नव्हते. मग नायडेनने टोपी घातली आणि आपणच आजींना सांगतो म्हणून निघाला.

आजी अंगणात मिरच्या भाजत बसल्या होत्या. मागे त्यांचे पती गेंचो आजोबा लाकडे फोडत होते. नायडेनने उभ्या उभ्याच सगळे कबूल केले. आजींच्या हातातला चिमटा थांबला.

"खरंच गेलं? कुठेच उरलं नाही?"

"कुठेच नाही, आजी. चूक माझीच आहे."

आजींनी मागे वळून पाहिले, छातीवर क्रुसाची खूण केली आणि आवाज खाली आणला. "देव तुझं भलं करो, बाळा. अरे, गाण्यात नवऱ्या मुलाचं नाव मानोल आहे. त्या यंत्रासमोर मी गडबडले आणि तिन्ही वेळा स्तामेन म्हटलं. गिरणीवाल्याचा स्तामेन. माझ्या लग्नाआधीची गोष्ट. गाणं दुसऱ्या कुणाला येत नाही म्हणून निभावलं. पण ह्यांचे कान अजून शाबूत आहेत. आठवडाभर देवळात मेणबत्ती लावतेय मी."

निघताना त्यांनी त्याच्या हातात पांढऱ्या चेरीच्या मुरंब्याची बरणी ठेवली. ज्याला शिव्या खायच्या होत्या तो मुरंबा घेऊन परतला.

शुक्रवारी सकाळी आजी वाचनालयात पुन्हा गायल्या, आणि दर वेळी मानोल असे ठासून म्हणाल्या. या वेळी रायनाने फाइलीला नुसते 'घोडा' असे नाव दिले. ती बारा पावले सुखरूप चालून गेली, आणि पावणेबाराला स्पर्धेकडे रवाना झाली. नायडेन ते सांगायला वाचनालयात आला, आणि रायना सगळ्यांसाठी कॉफी करायला वळली.

बायकोला घेऊन आलेले गेंचो आजोबा मागच्या बाकावर बसून सगळे ऐकत होते. त्यांनी नायडेनला जवळ बोलावले आणि त्याचा हात दोन्ही हातांत धरला.

"तुझे उपकार झाले, पोरा. साठ वर्षं ही चुलीपाशी स्तामेनच म्हणते. मला वाटायचं, गाणंच तसं आहे. आज कळलं, मानोल आहे म्हणून. फार बरं वाटलं. तो स्तामेन मला कधी आवडलाच नव्हता."