अँब्रोज वैद्यांनी वही मिटली त्या दिवसाची हकीकत

श्री नवग्रह प्रसन्न असोत आणि लिहिणाराचा हात स्थिर राहो. शके पंधराशे एकतीस, सौम्य नाम संवत्सरी, पश्चिम समुद्रातील एका बेटाचे राज्यात जे जाहले ते ऐकिले तैसे लिहितो. राज्याचे नाव ठाऊक नाही. धुके मात्र ऐसे की माणसाने हात पुढे करावा आणि तो परत येईतो वाट पाहावी. तेथे अँब्रोज म्हणोन थोर नामांकित वैद्य होते. त्यांची रीत ऐसी की रोग्यास पाहावयाचे नाही, नाडी धरावयाची नाही, घरचे कोणी येऊन "बरे वाटेल काय?" ऐसे विचारी, त्याच क्षणी वैद्यांनी खिडकीतून अगदी भिंतीस लागोन असलेल्या देवळाच्या बुरुजावरील घड्याळ पाहावे, त्या वेळेची कुंडली मांडावी, आणि रोग, औषध, आयुष्य सर्व त्यातून सांगावे. एक प्रश्न दोनदा विचारू नये, आणि कुंडलीत मृत्यू दिसला तर औषध देऊ नये, हा दंडक. तीस वर्षे ऐसे चालिले. वहीत हजारो वेळा लिहिल्या, चेहरा एकही ध्यानात नाही.

मग एके दिवशी मार्जरी नामे मेंढपाळाची विधवा तीन कोस चालोन आली आणि बोलिली, "वैद्यबुवा, माझी सिसली सात वर्षांची, सहा दिवस तापाने फणफणली आहे. बरे वाटेल काय?" वैद्यांनी घड्याळ पाहिले, दहा. कुंडली मांडिली, तो मृत्युस्थानाचा स्वामी शनी पहिल्याच घरी ठाण मांडून बसलेला. वैद्य हळूच बोलिले, "बाई, घरी जा. पोरीजवळ बसा."

"आणि औषध?"

वैद्यांनी नकारार्थी मान हलविली.

"अहो, तिला एकदा पाहा तरी!"

"पाहण्याची रीत नाही."

तेव्हा बाई उंबऱ्यावर बसली. रडली नाही, पुन्हा विचारिलेही नाही, कारण दंडक तिजला ठाऊक. नुसती बसली, आणि धुके तिच्या शालीवर दव होऊन साचत गेले. मग हम्फ्री पाववाले दाढ धरोन आले आणि वैद्यांनी घड्याळ पाहिले, दहा. कुंडली मांडिली, मरण. हम्फ्री कळवळले, "दाढेने मरतो की काय मी? घरी भट्टी पेटलेली आहे हो!" तेव्हा वैद्य चपापले. बाईची शाल भिजोन चिंब जाहली, आणि दहा ते दहाच! धावत बुरुजाखाली गेले, तो घंटा वाजविणारे म्हातारे टोबायस वरून बोलिले, "सकाळपासून बंद आहे. कबुतराचे घरटे पिलांसकट चाकात घसरले. पिले उडाली की चालू करीन. घाई कोणास आहे?"

वैद्य परतोन बाईस विचारू लागले, "आपण आलात तेव्हा खरे किती वाजले होते?" बाई बोलिली, "मला काय ठाऊक? मी पोरीचा श्वास मोजत निघाले होते." सूर्य नाही, सावली नाही, प्रश्न दुसऱ्यांदा विचारता येत नाही, आणि पहिल्याची वेळ तर धुक्यात विरली. तीस वर्षांची विद्या हातातून गेली आणि वैद्यांस भय वाटले. खरेच भय वाटले, ते मी लपवीत नाही. मग त्यांनी वही मिटली, झगा घेतला आणि बोलिले, "चला, बाई." आणि दोघे चालिले, आणि वाट दिसेना, आणि मेंढ्यांच्या घंटा कधी डावीकडे वाजत तर कधी पायाखाली, आणि आपण चालतो की स्वप्नात उभे आहो हे वैद्यांस कळेना. मग झोपडी आली आणि त्यांनी सिसलीचा हात हाती धरिला, तो कढत. पोरीने डोळे उघडिले आणि विचारिले, "किती वाजले?" वैद्य बोलिले, "ठाऊक नाही, बाळ," आणि तेथेच बसले. झाडसालीचा काढा चमचा चमचा पाजिला, कपाळी ओल्या घड्या ठेविल्या, तीन दिवस जागचे हलले नाहीत. चौथे दिवशी ताप उतरला आणि पोरीने पाव मागितला. तो हम्फ्रींनी स्वतः आणोन दिला. त्यांनी दाढ उपटून घेतली होती.

येणेप्रमाणे वर्तमान जाहले. वैद्यांची वही कोणी पाहील तर हजारो पानांवर वेळ लिहिली आहे. एका पानावर वेळेची जागा कोरी, आणि खाली इतुकेच: सिसली, डोळे करडे, पुढचा दात पडलेला, जिवंत.