मेश्रामभाऊ आणि घरी राहिलेला फॉन्ट

सक्करदऱ्यातल्या मेश्रामभाऊंच्या टायपिंग-छपाईच्या दुकानात तुम्ही पेन ड्राइव्ह घेऊन गेलात, तर ते तो लगेच हातात घेत नाहीत. आधी चौकशी होते. "कुठं टाइप झालं? कोणाच्या हातचं आहे? अन् फॉन्ट सोबत आणला, का एकटंच आलं?" मुलगी बघायला आलेले लोकही इतकं विचारत नसतील.

फाइलमध्ये अक्षरांचे नुसते नंबर असतात, त्यांचं रूप फॉन्टात असतं, हे ते प्रत्येक गिऱ्हाइकाला नव्याने समजावतात. ज्या फॉन्टात टाइप केलं तोच छापणाऱ्या मशीनवर नसला, की कागदावर चौकोन उमटतात. "म्हनजे कसं, सर, नवरदेव मांडवात आला, पन कपडे घरीच राहिले." माणसांचं निदानही ते असंच करतात. माझ्या मेहुण्याचं कोणाशीच पटत नाही म्हटल्यावर म्हणाले, "मानूस चांगला आहे. फॉन्ट घरी राहिला."

एकदा एक वरपिता लग्नपत्रिकेची फाइल घेऊन आले. वधूच्या नावाच्या जागी तीन चौकोन. गृहस्थ घाईत होते. "छापून टाका भाऊ, नाव सगळ्याइले माहीत आहे." भाऊंनी प्रिंटरची वायरच उपटली. "नवरी चौकोनी आहे काय?"

माझं काम बाबांचं होतं. बाबा रामटेकजवळच्या शाळेत शिक्षक होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी लिहिलेल्या आठवणी याच दुकानात टाइप झाल्या होत्या. घरातली एकुलती प्रत वाळवीने खाल्ली आणि आता बाबांची नजर चालली आहे. "मोठ्या अक्षरात काढून आण," ते म्हणाले, "दिसतं आहे तोवर एकदा वाचून घेतो." कपाटात जुनी सीडी सापडली, ती घेऊन मी गेलो.

भाऊंनी पानं काढली. साधी अक्षरं दुसऱ्या फॉन्टात उमटली, पण जिथे जोडाक्षर, तिथे चौकोन. 'शिक्षक', 'परीक्षा' ओळखून भरता येत होते. सतराव्या पानावर अडलो. बाबांची सगळ्यात हुशार विद्यार्थिनी, जिची शाळा सातवीनंतर सुटली, जिच्यासाठी बाबा तीनदा तिच्या घरी जाऊन विनवणी करून आले होते, तिचं नाव होतं: 'मु', मग चौकोन, मग काना.

"मुक्ता असेल," मी म्हणालो.

"मुद्रा असन. मुग्धा असन. बाबांले विचारा ना."

विचारलं होतं. बाबांना तिचा चेहरा आठवत होता, नाव आठवत नव्हतं.

"छापा मुक्ता."

"नाही सर. नावात अंदाज नाही चालत."

"मग फॉन्ट शोधा. तुमच्याच दुकानातला ना?"

"हा इजूनं बनवला होता," भाऊ पडद्याकडे बघत म्हणाले.

विजू म्हणजे त्यांचे भागीदार. दुकान दोघांनी मिळून काढलेलं. बाजारातल्या फॉन्टांची जोडाक्षरं पसंत पडेनात, म्हणून विजूभाऊंनी स्वतः एकेक अक्षर काढलं होतं. पुढे नव्या कॉम्प्युटरांवर वेगळ्या फॉन्टाशिवाय मराठी आपोआप उमटू लागली. विजूभाऊ म्हणाले, आता जुन्या फॉन्टांचं काम बंद करू. मेश्रामभाऊ नाही म्हणाले. शब्दाला शब्द लागला आणि विजूभाऊ आपलं मशीन, त्यातल्या फॉन्टासकट, उचलून शहराच्या दुसऱ्या भागात, मनीषनगरला गेले. त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून भाऊ त्या बाजूच्या लग्नालाही जात नाहीत.

"त्यांचा नंबर आहे?"

"कायचा नंबर," भाऊ म्हणाले. मग मोबाइल उचलून, कुठेही न शोधता, दहा आकडे दाबले. दुपारचे बारा वाजले होते.

"इजू, मी मेश्राम बोलून राहिलो. तो आपला जुना फॉन्ट आहे का गा तुयाजवळ? एका सरांच्या वडलाचं काम अडलं."

"आहे ना," विजूभाऊंचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. "ठेवला आहे. मेल करू का? दोन मिनिटात येते."

भाऊ खुर्चीच्या हाताचं निघालेलं रेक्झिन नखाने ओढत बसले.

"मेलवर नको. मेलमधी फॉन्ट खराब होते. तूच घेऊन ये."

मेलमध्ये फॉन्ट खराब होत नाही. हे मलासुद्धा ठाऊक आहे.

"हो गा," विजूभाऊ म्हणाले. "खराबच होते. निघतो."

भाऊंनी फोन ठेवला. "सर, तुम्ही उद्या या."

"पण ते तर आत्ता येताहेत ना?"

"म्हनूनच उद्या या."

दुसऱ्या दिवशी सगळी पानं तयार होती, टपोरी, काळीभोर. सतराव्या पानावर मुग्धा होती.

"फार वेळ लागला का?" मी विचारलं.

"फॉन्ट टाकायले दोन मिनिटं." भाऊ पानांच्या कडा जुळवत होते. "तो रात्री साडेआठले गेला. अजून बसला असता, पन मीच म्हटलं, जाय बाबा, वहिनी जेवाची थांबली असन."