येळवशीचा अर्क

रुद्रप्पाच्या काकडीच्या पानांवर भुरी रोगाची पांढरी भुकटी दिसली आणि त्याला जोर चढला. "यंदा बाटलीतलं औषध न्हाय. झाडपाल्याचा अर्कच मारणार!" हे त्यानं सांगितलं कुणाला, तर अक्कलकोटात शेतीऔषधांचं दुकान चालवणाऱ्या मेहुण्याला, मंजुनाथला.

"आठ दिसांत भुरी हटली तर तुमच्या नावाचा कॅन दुकानात मांडतो, दाजी," मंजुनाथ म्हणाला. "न्हाय हटली तर तुमी दुकानात बसून गिऱ्हाईकांना सांगायचं, अर्कात दम न्हाय म्हणून."

गावभर बोभाटा झाला. आता प्रश्न काकडीचा नव्हता, रुद्रप्पाच्या मिशीचा होता.

त्यानं आंबट ताकात लसूण, मिरची आणि कडुलिंबाचा पाला वाटून घातला आणि कॅनमध्ये मुरवत ठेवला. शेजारीच त्याची बायको दाक्षायणी वेळ अमावस्येची, म्हणजे येळवशीची आंबिल मुरवत होती. आंबट ताक, लसूण, ज्वारीचं पीठ. कॅन तसलाच, वर फडकंही तसलंच. त्यात रुद्रप्पाला सर्दी.

अमावस्येला पाहुणे यायच्या आत त्यानं फवारणी उरकली. पंपाचं नोझल तीनदा तुंबलं. "दाट हाय म्हंजी गुण लई," म्हणत त्यानं ते तीनदा धोतरानं पुसलं.

दुपारी रानात पंगत बसली. मंजुनाथनं आंबिलीचा मोठा घोट घेतला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

"कशी झालीया रं?" दाक्षायणीनं हौसेनं विचारलं.

"अक्का, लई... औषधी."

तिनं बोट बुडवून चाखलं. "यप्पा! अवो, ह्यो तुमचा पाला! मग माझी आंबिल कुटं हाय?"

रुद्रप्पानं पंपाकडं बघितलं. बिचारा रडायचाच बाकी होता. "येळवशीला आंबिल रानात शिंपायचीच असती की," तो बारीक आवाजात म्हणाला.

"चार शिंतोडे! आख्खा कॅन न्हाय!"

मंजुनाथ गूळ चघळत हसला. "दाजी, तुमची खुर्ची पुसून ठिवतो."

आठव्या दिवशी तो स्वतः बघायला आला. पानं उलटीसुलटी केली. नवी पानं हिरवीगार होती, जुन्यांवरची भुकटीही जवळजवळ गेली होती.

रुद्रप्पानं मिशीवर हात फिरवला. "शब्द म्हंजी शब्द!"

"व्हय," म्हणत मंजुनाथनं वही काढली आणि बहिणीकडं वळला. "अक्का, ताक किती दिसांचं हुतं?"

दुकानात आता कॅन मांडलाय. वर मोठ्या अक्षरांत 'दाक्षायणी अर्क'. खाली बारीक अक्षरांत एकच ओळ, ती तेवढी रुद्रप्पाच्या अनुभवातली: 'नीट गाळून घ्या, नोझल तुंबतं.'

बाजाराला गेला की रुद्रप्पा ती ओळ वाचल्याशिवाय परत येत नाही.