बिनखोलीचे निरोप

बाळ झोपलं की तिचं ऑफिस उघडायचं आणि उठलं की बंद व्हायचं. आज चार वाजेपर्यंत काम साहेबांच्या हाती पडलं नाही, तर ते दुसऱ्याकडे जाणार होतं. तिने बाळाला पाळण्यात ठेवलं आणि चोरपावलांनी लॅपटॉप गाठला.

काम तसं सरळ होतं. कंपनीची दोनशे यंत्रं एकत्र राबत आणि त्यांच्यावर प्रत्येक टीमला एकेक खोली, म्हणजे कामापुरता वेगळा कप्पा, आखून दिलेली. खोलीत काही घडलं किंवा बिनसलं, की तिच्या प्रोग्रॅमने त्या टीमला निरोप धाडायचा. निरोपावर खोलीचं नावच नसलं तर? तिथे चाचणीपुरता तिने घरातल्या बोलक्या स्पीकरचा पत्ता टाकला होता. असा निरोप येतोय कशाला!

तिने बटण दाबलं.

"यंत्र क्रमांक एक, हजर," पाळण्यामागचा स्पीकर म्हणाला. "यंत्र क्रमांक दोन, हजर."

यंत्रांना कुठली खोली? खोल्याच त्यांच्यावर उभ्या! घाबरून तिने प्रोग्रॅम बंद करून पुन्हा चालू केला, तर हजेरी पुन्हा एकपासून.

सासूबाई शेंगा सोलत दारात आल्या. "कोण कोण आलंय गं?"

"हळू, आई! यंत्रं आहेत. दोनशे."

"चहाला थांबणारेत का सगळी?"

स्पीकरची पिन काढायची तर पाळणा हलवावा लागणार. बाळ मात्र ढिम्म.

"यंत्र क्रमांक चाळीस, आजारी."

"आजारी आहे म्हणे बिचारं," सासूबाई कळवळल्या. "कुणी बघायला गेलं नाही?"

तिने नोंदी पाहिल्या. चाळीस खरोखरच धापा टाकत होतं, तेही तीन आठवडे.

"ते कुणाच्याच खोलीतलं नाही, आई. म्हणून कुणाला कळलंच नाही."

"मग आपली पाण्याची टाकी कुठल्या खोलीत आहे? अख्ख्या घराची म्हणून तर रोज जिना चढून बघते मी."

नळ सोडला की पाणी येतं, एवढंच तिला आजवर ठाऊक होतं. तिने बिनखोलीच्या निरोपांसाठी स्पीकरऐवजी अख्ख्या घरावर, म्हणजे सगळ्या यंत्रांवर, नजर ठेवणारा एक पत्ता केला आणि कामासोबत चाळीसची तक्रारही साहेबांकडे पाठवली.

"अहो, सगळं का रखडतंय, हेच शोधत होतो आम्ही!" चार वाजायला पाच मिनिटं असताना साहेबांचा फोन आला. "चाळीस दुरुस्तही केलं. सापडलं कसं?"

"आमच्या आईंना सापडलं."

स्पीकर गप्प झाला होता. त्या शांततेत बाळाने टाहो फोडला.

सासूबाईंनी पाळण्याला झोका दिला. "यंत्र क्रमांक एक, हजर. यंत्र क्रमांक दोन, हजर..."

विसाला हुंदके थांबले, तिसाला डोळे मिटले. चाळीसपाशी त्या अडखळल्या.

"बरं झालं का गं ते?"

"झालं, आई."

"यंत्र क्रमांक चाळीस," त्या हळूच म्हणाल्या, "हजर."